वाचकांचे प्रश्न : खाच वरून भरलेली दिसते, तळाशी हवा उरते

सिलिकॉनमध्ये कोरलेल्या सूक्ष्म खाचा पॉलिमरने भरण्याविषयी या सदरात मागे एक छोटी नोंद दिली होती. तिच्यावर कोल्हापुरातून तीन पत्रे आली. तिन्हींचा विषय एकच असल्याने या वेळी दुसरा विषय न घेता त्यांनाच सविस्तर उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पदार्थविज्ञानात संशोधन करते. आमच्या सिलिकॉन चिपवर ५ मायक्रोमीटर रुंद आणि १०० मायक्रोमीटर खोल अशा समांतर खाचा आहेत. त्या बाहेरच्या एका सुविधेतून प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, कोरून आणल्या. त्यांत पीडीएमएस (एक सिलिकोन रबर) आणि एसयू-८ (प्रकाश देऊन पक्के करायचे इपॉक्सी) ही दोन्ही पॉलिमर भरून पाहिली. वरून पाहिल्यास खाच पूर्ण भरलेली दिसते, पण चिप तोडून छेद पाहिला की तळाकडे पोकळ्या असतात. पॉलिमर दाट असल्यामुळे खाली उतरत नाही, असे समजून एसयू-८ मध्ये द्रावक घालून ते पातळ केले, तर पोकळ्या वाढल्या. माझे कुठे चुकते आहे? शिवाय, हे सगळे सोडून पॅरिलीन या वाफेतून बसणाऱ्या पॉलिमरचा थर द्यावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले आहे. ते योग्य होईल का?
— संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पातळ केल्यावर पोकळ्या वाढल्या, हे आपण प्रामाणिकपणे कळवले आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. दाटपणाला दोष देण्याची चूक मीही पूर्वी केली आहे. पॉलिमर पातळ करत राहण्यात माझे कित्येक आठवडे गेले आणि प्रत्येक वेळी छेद आधीपेक्षा वाईट आला. म्हणून सुरुवात आकडेमोडीने करू.

अरुंद खाचेत द्रव केशाकर्षणाने ओढला जातो. त्याला किती वेळ लागतो याचे सूत्र १९१८ मध्ये लुकास आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडले. दोन समांतर भिंतींमधल्या फटीसाठी ते असे वापरता येते : विष्यंदितेची (द्रवाच्या दाटपणाची) तिप्पट करून तिला अंतराच्या वर्गाने गुणावे, आणि त्या गुणाकाराला पृष्ठताण, फटीची रुंदी व स्पर्शकोनाची (द्रव भिंतीला ज्या कोनात टेकतो त्याची) कोज्या यांच्या गुणाकाराने भागावे. दोन भाग मिसळल्यानंतरचे नेहमीचे पीडीएमएस पाण्याच्या सुमारे साडेतीन हजार पट दाट असते आणि त्याचा पृष्ठताण मीटरला २० मिलिन्यूटनच्या आसपास असतो. हे आकडे आपल्या खाचेसाठी घातले तर १०० मायक्रोमीटर खोली भरायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो. त्याहून कितीतरी दाट असलेल्या एसयू-८ लाही काही सेकंद पुरतात. म्हणजे वाट मोकळी असेल, तर दाटपणा या खोलीला आड येत नाही.

वाट मोकळी नसते, हीच खरी अडचण आहे. आपण वरून थेंब सोडता तेव्हा खाचेचे तोंड एका क्षणात झाकले जाते आणि आतली हवा कोंडली जाते. केशाकर्षणाचा दाब त्या हवेला दाबू पाहतो, पण आपल्या खाचेत पीडीएमएससाठी हा दाब अवघा ७ किलोपास्कलच्या आसपास आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो. त्यात ७ ची भर पडली तर कोंडलेली हवा केवळ सात टक्क्यांनी आकसते. पॉलिमर सात मायक्रोमीटर खाली जाऊन थांबते आणि उरलेल्या ९३ मायक्रोमीटरमध्ये हवा राहते. वरून पाहणाऱ्याला मात्र खाच भरलेलीच दिसते. प्रत्यक्षात सगळ्या खाचा इतक्या रिकाम्या राहत नाहीत, कारण एका टोकाने पॉलिमर शिरताना दुसऱ्या टोकाने थोडी हवा निसटते. शिवाय पीडीएमएसमधून वायू सहज आरपार जात असल्यामुळे कोंडलेली हवा त्यात हळूहळू मुरते. एसयू-८ मध्ये ही सवलत फारशी मिळत नाही.

आपण कोल्हापुरात आहात, म्हणून एक तुलना सुचवतो. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन ओतकाम पाहावे. रस ओतण्यापूर्वी वाळूच्या साच्याला सळईने बारीक भोके पाडलेली असतात, कारण वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, येतो. त्याच साच्यावर रायझरही ठेवलेला असतो, कारण धातू थिजताना आकसतो आणि ती तूट भरून काढणारा वितळलेला साठा वर नसेल तर आत श्रिंकेजची पोकळी पडते. आपल्या छेदात दिसणाऱ्या पोकळ्याही या दोनच जातींच्या आहेत. पीडीएमएसमध्ये द्रावक नसतो आणि ते घट्ट होताना फार थोडे आकसते, त्यामुळे त्यातली पोकळी बहुतेक वेळा ब्लोहोलच असते. एसयू-८ मध्ये दोन्ही दोष एकत्र येतात. उदाहरणार्थ, एसयू-८ २०५० या प्रकारात वजनाने सुमारे ७२ टक्के घन भाग असतो आणि बाकीचा द्रावक असतो. तो द्रावक उडून गेला की काठोकाठ भरलेली खाचही तेवढ्या प्रमाणात रिकामी होते. आपण आणखी द्रावक घातल्यावर तूट आणखी वाढली आणि म्हणून पोकळ्या वाढल्या. एसयू-८ पातळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, ज्यात घन भाग जास्त आहे असा दाट प्रकारच निवडावा.

आता उपायांकडे वळू. भरण्याआधी खाचेच्या भिंतींचा विचार करावा लागेल. अशा खोल खाचा बहुधा बॉश प्रक्रियेने कोरतात. तीत सल्फर हेक्झाफ्लोराइडने कोरणे आणि ऑक्टाफ्लोरोसायक्लोब्युटेनने भिंतीवर संरक्षक थर देणे आळीपाळीने चालते. हा थर टेफ्लॉनच्या जातीचा असतो आणि काम संपल्यावरही त्याचे अवशेष भिंतीवर राहतात. त्यावर पॉलिमर नीट पसरत नाही, केशाकर्षण क्षीण होते आणि पुढे पॉलिमर भिंतीपासून सुटण्याची शक्यता वाढते. ऑक्सिजन प्लाझ्माने हा थर काढून घ्यावा. खोल खाचेच्या तळापर्यंत प्लाझ्मा पोचायला वेळ लागतो, म्हणून सपाट चिपसाठी जेवढा वेळ देतो त्याहून बराच अधिक द्यावा. त्यानंतर चिप २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून कोरडी करावी. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या हवेत इतका ओलावा असतो की ही पायरी गाळणे परवडणार नाही. तापवलेली चिप थंड होताच लगेच वापरावी.

पीडीएमएससाठी सर्वांत खात्रीची रीत म्हणजे आधी निर्वात करायचे आणि मग ओतायचे. थेंब टाकून नंतर डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेता येणाऱ्या बंद पेटीत) ठेवण्याची रीत सर्रास वापरली जाते. तिच्यात कोंडलेल्या हवेला दाट पॉलिमरमधून वर यावे लागते. काही बुडबुडे येतात, तर काही खाचेच्या तोंडाशी अडकून बसतात. त्याऐवजी डेसिकेटरच्या झाकणाला रबरी बूच बसवून त्यातून लांब सुई आत घ्यावी आणि सुईच्या बाहेरच्या टोकाला, मध्ये एक तोटी ठेवून, इंजेक्शनची सिरिंज जोडावी. ही तोटी बंद ठेवावी. अशी जोडणी शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या कारागिराकडून करून घेता येईल. पीडीएमएस मिसळल्यावर ते आधी वेगळे निर्वात करून त्यातले बुडबुडे काढून घ्यावेत, नाही तर पोकळीत शिरताच ते फसफसते. मग कोरडी चिप आत ठेवून पंप चालू करावा, दाब स्थिर झाल्यावर तोटी किंचित उघडावी, चिपवर थेंब पडू द्यावा आणि तो खाचांवर पसरल्यानंतर बाहेरची हवा सावकाश आत सोडावी. काचेचे डेसिकेटर असेल तर त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

निर्वात किती चांगला हवा, याचे गणित सरळ आहे. पेटीतला दाब १०० पास्कल असेल, तर हवा परत सोडल्यावर खाचेत उरलेला वायू आकसून खोलीच्या सुमारे एक सहस्रांश, म्हणजे ०.१ मायक्रोमीटर जागा व्यापतो. पाण्याच्या नळावर चालणारा अ‍ॅस्पिरेटर ३ किलोपास्कलच्या आसपास थांबतो. त्याने खोलीच्या तीन टक्के, म्हणजे ३ मायक्रोमीटर जागा रिकामी राहील. आपल्या कामाला ते चालत असेल तर पंप नसला तरी अडत नाही.

खाचेची दोन्ही टोके उघडी असतील तर एकाच टोकाला थेंब ठेवून पॉलिमर लांबीच्या दिशेने सरकू द्यावे, असाही सल्ला दिला जातो. त्यात हवा पुढे पुढे ढकलली जाते, ही जमेची बाजू आहे. मात्र वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, हे विसरू नये. १ मिलिमीटर लांबीला दोन मिनिटे पुरतात, तर १ सेंटिमीटरला तीन तासांहून अधिक वेळ लागेल आणि तोवर मिसळलेले पीडीएमएस घट्ट होऊ लागलेले असेल. आपल्या खाचा किती लांब आहेत, हे पत्रात नाही. त्या दोनतीन मिलिमीटरच्या असतील तर पंपाआधी ही सोपी रीत करून पाहावी.

एसयू-८ च्या बाबतीत निर्वाताला मर्यादा आहे. २००० मालिकेत सायक्लोपेंटॅनोन हा द्रावक असतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब दीड किलोपास्कलच्या आसपास असतो. दाब त्याखाली नेला की द्रावक उकळू लागतो आणि पॉलिमरचा फेस होतो. म्हणून पहिल्या खेपेस ५ किलोपास्कलवर थांबावे. पुढची पायरी रायझरची आहे. खाचांच्या वर एसयू-८ चा जाड थर राहू द्यावा. चिप वेगाने फिरवून तो लगेच उडवून टाकू नये. चिप हॉटप्लेटवर ठेवून आधी ६५ आणि मग ९५ अंशांपर्यंत सावकाश न्यावी. ओव्हन वापरू नये, कारण त्यात वरचा पृष्ठभाग आधी सुकून त्यावर साय धरते आणि खालचा द्रावक अडकतो. रायझर सर्वांत शेवटी थिजला पाहिजे, हा ओतारी लोकांचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. प्रकाश देऊन अजून पक्के न केलेले एसयू-८ साधारण ५५ अंशांच्या वर मऊ होऊन वाहते. त्यामुळे ९५ अंशांना वरचा साठा खाली झिरपून द्रावकाने सोडलेली जागा भरत राहतो, जशी घट्ट झालेली काकवी ऊब लागताच पुन्हा वाहू लागते. बराचसा द्रावक गेल्यावर चिप गरम असतानाच पुन्हा एकदा निर्वात द्यावा. आता फेस होण्याची भीती कमी असते. नंतर वरचा जादा थर धारदार सपाट पात्याने, चिप गरम असतानाच, ओढून घ्यावा. सायक्लोपेंटॅनोन ज्वलनशील आहे, म्हणून हे सारे काम वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच व्हावे.

प्रकाश दिल्यानंतर आणि भाजल्यानंतर चिप थंड करताना घाई करू नये. एसयू-८ तापमानाबरोबर सिलिकॉनच्या सुमारे वीस पट प्रसरण पावते. गरम चिप एकदम थंड फरशीवर ठेवली तर पॉलिमर भिंतीपासून सुटते. त्या अरुंद फटीही छेदात पोकळीसारख्याच दिसतात आणि निदान चुकते.

पॅरिलीनविषयी आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला विचारपूर्वक दिलेला आहे. पॅरिलीन द्रवरूपात ओततच नाहीत. त्याचा द्वयी रेणू (दोन एकके जोडलेला कच्चा पदार्थ) सुमारे १५० अंशांना वाफ होतो, ६८० अंशांच्या आसपास फुटतो आणि खोलीच्या तापमानाला असलेल्या पृष्ठभागावर निर्वातात थर बनून बसतो. त्यात द्रावक नाही, पृष्ठताण नाही, कोंडलेली हवा नाही. आपल्या ५ मायक्रोमीटरच्या खाचेत दोन्ही भिंतींवर प्रत्येकी अडीच मायक्रोमीटरचा थर बसला की खाच बुजावी, असे वाटते. मात्र तोंडाजवळ थर किंचित जाड आणि तळाशी पातळ बसतो. त्यामुळे तोंड आधी मिटते आणि खाचेच्या मध्यातून एक उभी चीर राहून जाते. खाच तळाकडे निमुळती असेल तर ही चीर टळते; बॉश प्रक्रियेच्या खाचा पुष्कळदा सरळ किंवा आत किंचित रुंद असतात, आणि तिथे ती जवळपास ठरलेलीच असते. भिंतीवर अखंड विद्युतरोधक अस्तर हवे असेल तर पॅरिलीनसारखे दुसरे काही नाही. पूर्ण भराव हवा असेल तर आधी वर सांगितलेली रीत करून पाहावी.

यंत्रसामग्री जवळ नसल्यास मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही एका राष्ट्रीय कार्यक्रमाखाली वापरायला मिळतात. आपल्या मार्गदर्शकांमार्फत अर्ज करावा.

प्रश्न : माझी शिरोलीला लहान फाउंड्री आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, त्याने आपली मागची नोंद वाचून दाखवली. एवढ्या कष्टाने कोरलेल्या खाचा पुन्हा प्लास्टिकने बुजवायच्या कशासाठी, हे काही कळले नाही.
— एक फाउंड्रीचालक, शिरोली

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या व्यवसायाची उदाहरणे वरच्या उत्तरात घेतली आहेत, तीही जरूर वाचावीत. सिलिकॉन वीज वाहू देतो, आणि एकाच चिपवरचे दोन भाग एकमेकांपासून तोडायचे असतील तर मध्ये खंदक खणावा लागतो. तो उघडा ठेवला तर त्यात धूळ आणि ओल शिरते, कडा ठिसूळ राहतात, आणि त्यावरून पुढची तार किंवा थर नेता येत नाही. म्हणून तो विद्युतरोधक पदार्थाने भरतात. उच्च विद्युतदाबाच्या डायोडांच्या कडेने असे खोल खंदक खणून त्यांत बीसीबी नावाचे पॉलिमर भरण्याचे काम संशोधकांनी केले आहे. बीसीबी २५० अंशांच्या आसपास पक्के होते आणि पक्के होताना त्यातून पाणी किंवा वायू सुटत नाही. पॉलिइमाइड या दुसऱ्या पॉलिमरमधून मात्र पाणी सुटते आणि ते बरेच आकसते. आपल्या भाषेत सांगायचे तर बीसीबीच्या ओतकामाला रायझर लहान ठेवला तरी चालतो.

दुसरा उपयोग मला व्यक्तिशः फार आवडतो. सिलिकॉनच्या पातळ उभ्या पट्ट्यांच्या मध्ये एसयू-८ भरून त्याला ऊब दिली की पॉलिमर फुगू पाहते. सिलिकॉन त्याला उंचीच्या आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने रोखून धरतो, त्यामुळे सारे प्रसरण उरलेल्या एकाच दिशेला जाते. सिलिकॉन उष्णता चटकन वाहून नेत असल्यामुळे पॉलिमर लवकर तापते आणि लवकर निवते. या युक्तीने केसाहूनही बारीक वस्तू उचलणारे चिमटे बनवले गेले आहेत. अशा भरावात एक पोकळी राहिली तर फुगणारे पॉलिमर आधी तीच भरून काढते आणि चिमटा हलतच नाही. ब्लोहोल असलेले कास्टिंग आपण ग्राहकाला पाठवत नाही, तसेच हे आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. चिप न तोडता खाच भरली की नाही, हे समजण्याचा काही उपाय आहे का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि त्याला फक्त चांगला तराजू लागतो. वरच्या विद्यार्थिनीच्या खाचांचेच उदाहरण घेऊ आणि १ सेंटिमीटर चौरस चिपवर त्या दर २० मायक्रोमीटरला एक, याप्रमाणे कडेपासून कडेपर्यंत ५०० आहेत असे धरू. एका खाचेचे आकारमान ५ मायक्रोमीटर गुणिले १०० मायक्रोमीटर गुणिले १ सेंटिमीटर, आणि अशा ५०० खाचांचे मिळून अडीच घन मिलिमीटर. पीडीएमएसची घनता पाण्याहून किंचित जास्त असल्यामुळे पूर्ण भरावाचे वजन सुमारे २.६ मिलिग्रॅम येईल. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागात असतो. भरण्यापूर्वी आणि भरून घट्ट झाल्यावर चिप तोला. फरक १.८ आला तर जवळपास तिसरा हिस्सा रिकामा आहे.

यात एक दक्षता हवी. वरच्या पृष्ठभागावर उरलेला केवळ १ मायक्रोमीटरचा थरही या चिपवर ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास भर घालतो. ५ मायक्रोमीटरचा थर राहिला तर अर्धा मिलिग्रॅम वाढेल आणि अर्धवट भरलेली खाच पूर्ण वाटेल. म्हणून घट्ट होण्यापूर्वीच वरचा थर पात्याने ओढून घ्यावा, चिपची पाठ पुसावी, आणि खाचा नसलेली तेवढीच एक कोरी चिप त्याच हाताने, त्याच रीतीने करून तिचे वजनही घ्यावे. कोऱ्या चिपवर जेवढी वाढ दिसेल तेवढी वजा करावी. दोन्ही चिपा चिमट्यानेच उचलाव्यात, कारण बोटांचा तेलकट ठसाही या तराजूला जाणवतो.

जवळच्या एखाद्या संस्थेत अवरक्त सूक्ष्मदर्शक असेल तर तो अधिक चांगला. सिलिकॉन १.१ मायक्रोमीटरहून लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला पारदर्शक असतो, त्यामुळे चिपच्या पाठीमागून पाहिले तरी तळाशी अडकलेली हवा वेगळ्या छटेने उठून दिसते.

तरीही प्रत्येक खेपेतली एक चिप तोडावी, असे मी सुचवेन. नेहमीच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर), ज्याचा पृष्ठभाग (१००) या स्फटिक प्रतलाचा असतो, हिऱ्याच्या टोकाने कडेला छोटासा ओरखडा काढावा, त्याखाली शिवणाची सुई आडवी ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्याने हलकेच दाबावे. चिप सरळ रेषेत दुभंगते. खाचा त्या रेषेला काटकोनात असतील तर छेद स्वच्छ मिळतो. पीडीएमएस मात्र रबरासारखे ताणले जाऊन कडेवर लोंबते आणि खरी पोकळी झाकून टाकते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये चिप मिनिटभर बुडवून लगेच तोडल्यास ते ताणले न जाता तुटते. नायट्रोजन हाताळताना जाड कोरडे हातमोजे आणि खेळती हवा दोन्ही हवेत. छेद साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली ५०० पट मोठा करून पाहिला तरी ५ मायक्रोमीटरची खाच अडीच मिलिमीटर रुंद दिसते. आधी तळाचे कोपरे पाहा, कारण शेवटची हवा तिथेच अडकते.